अवलंबित कोणाला म्हणावे?

शासनाच्या दफ्तरात रुळलेल्या ज्या मोजक्या शब्दांवर सामान्य माणसाच्या संसाराचे बरेवाईट ठरत असते, त्यांत 'अवलंबित' हा शब्द मला सर्वांत अधिक विचार करण्याजोगा वाटत आला आहे. घरात या शब्दाचा अर्थ कोणी कोणास समजावून सांगत नाही. अंथरुणाला खिळलेली आई अवलंबित असते, शाळेत जाणारे मूल अवलंबित असते, आणि ज्याच्या मिळकतीवर घर चालते त्याला हे भार बहुधा भार म्हणून जाणवतही नाहीत. परंतु हाच शब्द कागदावर उतरला, की एका खात्यात त्याला एक वयोमर्यादा चिकटते, दुसऱ्या खात्यात दुसरी, तिसऱ्यात वयाचा प्रश्नच उपस्थित होत नाही. आणि ज्यांचे शिक्षण अठराव्या वर्षी सुरू होऊन पुष्कळदा अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत लांबते, त्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या वाट्याला या साऱ्या मर्यादा एकामागून एक येतात, परस्परांशी कसलीही मसलत न करता येतात, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या पदरातले काही ना काही काढून नेतात.

१८७५ सालच्या कायद्यान्वये आपल्या देशात अठरा वर्षे पुरी केलेला इसम सज्ञान ठरतो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने पित्यावर पुत्राच्या पोषणाची जी जबाबदारी टाकली आहे, ती पुत्र अज्ञान असेपर्यंतचीच आहे. अविवाहित कन्येला स्वतःचे साधन नसेल तर तिच्यापुरती ती पुढेही चालते. आयकराचा कायदा अज्ञान मुलाचे उत्पन्न सामान्यतः आईबापांच्या उत्पन्नात मिळवतो आणि मूल सज्ञान होताच त्याचा हिशेब निराळा मांडतो. कामगार राज्य विम्याची योजना, जिला आमच्या पट्ट्यात सारेच ईएसआय म्हणतात, शिकणाऱ्या मुलाला एकविसाव्या वर्षापर्यंत कामगाराच्या कुटुंबात धरते. अविवाहित मुलीला तेथे वयाची अट नाही. शिष्यवृत्तीच्या नियमांना मात्र या कशाशीच कर्तव्य नाही. सत्तावीस वर्षांचा तरुण, एम.बी.बी.एस. होऊन, आंतरवासिता पुरी करून, रुग्णालयात रात्रंदिवस राबणारा निवासी डॉक्टर झाला, तरी त्याच्या अर्जात पहिली विचारणा होते ती त्याच्या पित्याच्या वार्षिक उत्पन्नाची. कायद्याने ज्या पित्याला पोषणाच्या जबाबदारीतून नऊ वर्षांपूर्वी मोकळे केले, त्याच पित्याच्या पगारपत्रकावरून त्या तरुणास साहाय्य द्यावे की न द्यावे, हे ठरवले जाते.

ज्या गावात बसून मी हे लिहितो आहे, तेथे हा प्रश्न विशेष तीव्रतेने जाणवतो, आणि त्याचे कारण या गावाच्या घडणीत आहे. पिंपरी हे नाव मोटारींमुळे सर्वतोमुखी होण्यापूर्वी औषधामुळे झाले होते. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा केंद्र सरकारचा कारखाना येथे स्थापन झाला आणि देशाला लागणारे पेनिसिलीन या माळरानावर तयार होऊ लागले. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, भोसरी-चिंचवड-आकुर्डीच्या शेतांतून कारखान्यांची धुराडी उभी राहिली, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि पुढे जागा अपुरी पडू लागली तसे उद्योग इंद्रायणी ओलांडून खेड तालुक्यात, चाकणच्या आसपास शिरले. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खालुंब्रे ही गावे आज जगभरच्या मोटारकंपन्यांच्या पत्त्यांत दिसतात. या कारखान्यांच्या पाळ्यांवर जे लोक आले ते लातूर-बीड-धाराशिवच्या कोरडवाहू शिवारांतून, सोलापूर-नगरच्या दुष्काळी पट्ट्यांतून आले. त्यांनी आयुष्यभर यंत्रावर उभे राहून काम केले, आणि आपले पोर यंत्रावर उभे राहू नये, एवढी एकच आकांक्षा बाळगली. त्या आकांक्षेला बहुसंख्य घरांत एकच नाव आहे, ते म्हणजे डॉक्टर.

आता या औद्योगिक नगरीत एम.बी.बी.एस.साठी शासकीय महाविद्यालय नाही. संत तुकारामनगरातील महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय पदव्युत्तर शिक्षण देते. पदवीसाठी शासकीय जागा मिळाली तर पुण्याचे बी. जे., नाही तर बारामती वा त्याहून दूर. पिंपरीत जे आहे ते अभिमत विद्यापीठ. अशा विद्यापीठांचे वार्षिक शुल्क बहुधा वीस लाखांच्या पुढे असते, आणि शुल्काचा निम्मा भार उचलणारी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना अभिमत विद्यापीठांना लागू नाही. राहिली ती राज्याच्या सामाईक प्रवेशफेऱ्यांतून मिळणारी खाजगी विनाअनुदानित महाविद्यालये. तेथील शुल्क कामगाराच्या वर्षभराच्या कमाईएवढे असते, आणि म्हणूनच तेथे शासनाचे साहाय्य मिळते की नाही, या एका गोष्टीवर त्या घराचा सारा डोलारा उभा राहतो किंवा कोसळतो.

यमुनानगरात माझ्या शेजारी राहणारा एक कामगार १९९६ साली औसा तालुक्यातून इकडे आला. आठ वर्षे कंत्राटावर काढून चाकणच्या एका कारखान्यात कायम झाला. गिअर कापण्याच्या यंत्रावर तो आजही आहे. त्याची मुलगी दहावीपर्यंत माझ्या शाळेत होती. अकरावी-बारावी तिने लातूरला आत्याकडे राहून केली, नीटच्या परीक्षेत चांगले गुण मिळवले, आणि इतर मागासवर्गाच्या जागेवर एका खाजगी महाविद्यालयात २०२३ साली तिला प्रवेश मिळाला. शुल्क पावणेनऊ लाखांचे. पहिल्या वर्षी निम्म्या शुल्काचा भार शासनाने उचलला. पुढे ८ जुलै २०२४ रोजी राज्य शासनाने निर्णय काढला, की आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील ज्या मुलींच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे संपूर्ण शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क शासन देईल. महाराष्ट्राने अलीकडच्या काळात घेतलेला याहून मोठ्या मनाचा निर्णय मला आठवत नाही. त्या संध्याकाळी त्या घरातून आमच्याकडे पेढे आले होते.

त्याच वर्षात त्या कारखान्यातला रखडलेला वेतनकरार झाला. सव्वीस महिने वाटाघाटी लांबल्या होत्या. दरमहा चार हजार सहाशेची वाढ मागील तारखेपासून लागू झाली, आणि फरकाचे एक लाख एकोणीस हजार सहाशे रुपये मार्चच्या पगाराबरोबर एकदम हाती आले. पुढच्या वर्षीच्या अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला नव्याने काढायचा होता. फॉर्म सोळावर बेरीज होती आठ लाख अकरा हजार तीनशे. कचेरीत जो कारकून होता त्याने कागद दोनदा पाहिला, त्याला वाईट वाटल्याचे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते असे हा गृहस्थ मला म्हणाला, आणि मग दाखला निघाला तो त्या आकड्याचा. अर्ज नामंजूर झाला.

त्या रात्री तो कागदांची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. दुसऱ्या पाळीचा माणूस, अंगावर कारखान्याचाच निळा सदरा होता. करारपत्राची नक्कल त्याने माझ्यापुढे ठेवली, फरकाच्या ओळीवर काळे झालेले बोट ठेवले आणि म्हणाला, "सर, पैसा एकदम आला खरा, पण तो दोन वर्षांचा हाय. हे ह्या फॉर्मात कुठं लिवायचं?"

त्या फॉर्मात ते लिहायला जागा नव्हती. मी चाळीस वर्षे मुलांना अर्ज लिहायला शिकवले आहे. मलाही ती सापडली नाही.

अकरा हजार तीनशे रुपयांच्या आधिक्याने पावणेनऊ लाखांचे साहाय्य गेले, ही गोष्ट उच्चारूनही मला ती नीटशी खरी वाटत नाही, इतका तिच्यात प्रमाणाचा अभाव आहे. केंद्राच्या नव्या विद्यालक्ष्मी योजनेत, जी नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केली, निवडक संस्थांतल्या विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजाची सवलत आहे. तिची अटही कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असण्याची. म्हणजे ज्या आकड्याने शिष्यवृत्ती गेली, त्याच आकड्याने तिच्या जागी घ्यावयाच्या कर्जावरील सवलतीचेही दार लागते. केंद्राने क्रीमीलेयरची मर्यादा आठ लाखांवर नेली ती २०१७ साली. २०१९ साली आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणासाठी तोच आकडा घेतला गेला. राज्याच्या योजनाही त्यावरच स्थिरावल्या. एकच आकडा इतक्या ठिकाणी भिंतीसारखा उभा असल्यामुळे त्याच्या अलीकडे असलेल्याला सर्व काही आणि पलीकडे पाऊल पडलेल्याला काहीच नाही, अशी स्थिती झाली आहे. मला असे वाटते, की आठ लाखांवर एकदम तुटून पडणाऱ्या या कड्याच्या जागी उतार असावा. आठ ते बारा लाखांच्या दरम्यान साहाय्य क्रमाक्रमाने उतरत जावे. ज्याचे उत्पन्न मर्यादेपेक्षा अकरा हजारांनी जास्त आहे, त्याने शासनास त्या अकरा हजारांच्या हिशेबानेच अधिक द्यावे.

फरकाच्या रकमेबाबत तर नवीन काही शोधून काढण्याचीही गरज नाही. आयकराच्या कायद्यात हाच प्रसंग डोळ्यांसमोर ठेवून तरतूद केलेली आहे. मागील वर्षांचा पगार एका वर्षात मिळाल्यामुळे कर वाढत असेल, तर ती रक्कम ज्या त्या वर्षाकडे वाटून हिशेब करावा आणि वाढीव कराची सूट द्यावी, असा तिचा आशय आहे. माझ्या शेजाऱ्याच्या फॉर्म सोळावर जर आयकर खाते ही रक्कम मागे वाटून देते, तर त्याच फॉर्म सोळावरून दाखला देणाऱ्या महसूल खात्याने ती का वाटू नये? कर वसूल करताना सरकार मान्य करते, की हा पैसा एका वर्षाचा नव्हे. शुल्क देण्याची वेळ आली, की तो एकाच वर्षाचा ठरतो. दाखल्याच्या अर्जात 'मागील कालावधीचा फरक' असा एक रकाना वाढवावा आणि तो वजा करून उत्पन्न धरण्याचा हुकूम काढावा. एका परिपत्रकाचे हे काम आहे. चाकणला वेतनकरार दर तीन-साडेतीन वर्षांनी होतात, ते बहुतेक वेळा रखडतात, आणि प्रत्येक वेळी फरक एकदमच मिळतो. तेव्हा हा प्रसंग एका घरावर ओढवला असे कोणी समजू नये.

कायम कामगाराची ही कथा झाली. त्याच यंत्राशेजारी उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराचे दुःख वेगळ्या जातीचे आहे. त्याच्याकडे फॉर्म सोळा नसतो. ठेकेदार बदलला, की त्याचा नोकरीचा दाखला बदलतो. सात-आठ महिन्यांनी खंड पडतो. राहणे मेदनकरवाडीच्या किंवा नाणेकरवाडीच्या चाळीत, पण शिधापत्रिका गावाकडची, त्यामुळे दाखला काढायचा तो गावच्या तहसिलीचा. ईएसआयचे संरक्षण दरमहा एकवीस हजारांपर्यंत वेतन असणाऱ्याला मिळते. कमी वेतनाचा कामगार कोणास म्हणावे, याची ती सरकारनेच २०१७ पासून ठरवलेली रेषा आहे. आता त्या रेषेवरचा, म्हणजे बरोबर एकवीस हजार मिळवणारा अनुसूचित जातीतला कामगार घ्या. त्याचे वर्षाचे होतात दोन लाख बावन्न हजार. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा आहे अडीच लाख. एक खाते ज्याला अल्पवेतनी म्हणून विम्याखाली घेते, त्याच माणसाच्या मुलाला दुसरे खाते दोन हजार रुपयांच्या आधिक्यासाठी शिष्यवृत्तीतून वगळते. राज्याची शुल्कमाफी अशा विद्यार्थ्याला मिळू शकते, पण वसतिगृहात राहून पुस्तके, उपकरणे आणि दोन वेळचे जेवण ज्यातून व्हावे तो निर्वाहभत्ता हातचा जातो. आणि हा मुलगा एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असताना एकविसावे वर्ष पुरे करतो, तेव्हा ईएसआयच्या पुस्तकातून त्याचे नाव कमी होते: तू आता पित्यावर अवलंबित नाहीस. त्याच आठवड्यात शुल्कमाफीच्या नूतनीकरणाचा अर्ज भरताना त्याला पित्याचे उत्पन्न पुन्हा लिहावे लागते: कारण तू पित्यावर अवलंबित आहेस.

येथे एक गोष्ट मनाला न पटणारी असली तरी बोलली पाहिजे. याच पट्ट्यात अशीही घरे आहेत, की ज्यांच्या जमिनी कारखान्यांसाठी गेल्या, मोबदला आला, त्यातून वीस-वीस खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या, आणि त्या खोल्यांचे भाडे रोख हाती येते. त्या लोकांच्या जमिनी गेल्या हे खरे आहे, आणि त्याबद्दल मला आदर व हळहळ दोन्ही वाटते. परंतु ते भाडे कोणत्याच कागदावर दिसत नाही, तलाठ्याला, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते पाहायला सवड नसते, आणि स्वयंघोषणेवर दाखला आठ लाखांच्या आतलाच निघतो. त्याच चाळीत भाड्याने राहणाऱ्या कायम कामगाराचा मात्र रुपयान् रुपया संगणकावर उमटलेला. ज्याची मिळकत पूर्णपणे उजेडात आहे, तोच या पद्धतीत अपात्र ठरतो. आणि याबद्दल कामगारांच्या मनात साचत चाललेली कडवटपणाची भावना मी पाहिली आहे.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ सालची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाच्या काळातली. तिच्या नियमांत एक टीप आहे, जी मला या साऱ्या कागदपत्रांतील सर्वांत मानवी ओळ वाटते. कमावत्या आईचे वा वडिलांचे निधन होऊन उत्पन्न मर्यादेच्या आत आले, तर ज्या महिन्यात तो दुःखद प्रसंग घडला त्या महिन्यापासून विद्यार्थी पात्र समजावा, आणि अर्जाची मुदत टळून गेली असली तरी सहानुभूतीपूर्वक त्याचा अर्ज घ्यावा, असे ती सांगते. म्हणजे उत्पन्न ही मार्च महिन्यात गोठवून ठेवण्याची वस्तू नसून घराच्या नशिबाबरोबर वर्षाच्या मध्येच ती बदलते, हे शासनाने फार पूर्वीच ओळखले होते. मग कारखाना बंद पडणे, कंत्राट संपून घरी बसणे, यंत्रात हात जाऊन अपंगत्व येणे, हे प्रसंग त्या टिपेत का नसावेत? मृत्यूने जे उत्पन्न थांबते ते टाळेबंदीनेही थांबते. गेल्या वर्षीच्या नोकरीचा आकडा या वर्षीच्या बेकारीत मुलाच्या अर्जाला जोडावा लागतो, आणि ज्या पगाराचे अस्तित्वच उरले नाही त्याच्या आधारावर मुलगा सधन ठरतो. बडतर्फीचे पत्र, टाळेबंदीची नोटीस किंवा विमा खात्याचा अपंगत्वाचा दाखला हजर केला, की त्या महिन्यापासून पात्रता धरावी; एवढी एक ओळ त्या टिपेला जोडण्याची माझी मागणी आहे.

त्याच नियमांत दुसरी एक ओळ आहे, ती मात्र वाचून मन खिन्न होते. विद्यार्थिनी विवाहित असून नोकरीत नसेल, तर पित्याऐवजी पतीचे उत्पन्न धरावे, असे तेथे म्हटले आहे. एम.डी. करणारी विवाहित स्त्री काल पित्याची अवलंबित होती, आज पतीची आहे. ती स्वतः कोणाची कोण, हा प्रश्न कागदाला पडत नाही. पित्याने घर सोडून दहा वर्षे झाली आणि आईने धुणीभांडी करून मुलाला वाढवले, तरी वडिलांचे उत्पन्न किती, हा रकाना रिकामा ठेवता येत नाही. मग प्रतिज्ञापत्रे, पंचांच्या सह्या आणि शेजाऱ्यांच्या जबान्या गोळा करत हिंडावे लागते.

पदव्युत्तर शिक्षणाबद्दल माझे मत निःसंदिग्ध आहे. शासकीय महाविद्यालयात प्रवेश घेताना विद्यार्थी बंधपत्र लिहून देतो: एम.बी.बी.एस. झाल्यावर एक वर्ष शासनाची सेवा करीन, न केल्यास दहा लाख रुपये भरीन. पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी हा दंड पन्नास लाखांचा होतो. पन्नास लाखांचा करार करण्यास जो लायक आहे, ज्याच्या सहीवर रुग्णाला औषध दिले जाते आणि मृत्यूचा दाखला लिहिला जातो, जो विद्यावेतन घेतो व त्यातून काही वेळा गावाकडच्या आईबापांना पैसे पाठवतो, त्याला साहाय्याच्या अर्जात बापाच्या पगाराखाली लपवणे हे न्यायाला धरून नाही. पदवी मिळाल्यानंतर विद्यार्थी स्वतंत्र समजावा आणि त्याचे स्वतःचे उत्पन्न व मालमत्ता एवढेच पाहावे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. सर्वांनाच स्वतंत्र ठरवले, तर ज्याच्या बापाची तीन रुग्णालये आहेत तो मुलगाही शून्य उत्पन्नाचा दाखला घेऊन रांगेत पुढे उभा राहील. म्हणूनच पदवीपूर्व वर्षांत पालकांचे उत्पन्न पाहणे मी चूक मानत नाही. ते पाहताना वर्षाची सत्य स्थिती पाहावी, एवढेच माझे म्हणणे आहे. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण चार वर्षांच्या पदवीनंतर सुरू होते, आणि तेथील संघराज्य सरकार कर्ज देताना अशा विद्यार्थ्याला स्वतंत्र मानून आईबापांच्या उत्पन्नाची विचारणा करत नाही. पण अनेक महाविद्यालये स्वतःच्या निधीतून अनुदान द्यायची वेळ आली, की पालकांचे आकडे मागतातच. त्या स्वातंत्र्याबरोबर तेथे विद्यार्थ्याच्या डोक्यावर कर्जही फार मोठे येते. तेव्हा तिकडची पद्धत जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे बंधपत्राची सेवा आहे. ज्या विद्यार्थ्याने ग्रामीण रुग्णालयात काम करण्याचे लिहून दिले आहे, त्याला शुल्कात साहाय्य देणे हा समाजाने त्याच्याशी केलेला उघड व्यवहार होईल, आणि धनिकाच्या मुलालाही तो करायचा असेल तर त्यानेही गडचिरोलीला किंवा जव्हारला जाऊन ते वर्ष पुरे करावे.

यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वार्षिक बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असणाऱ्या पालकांच्या मुलांना शुल्कमाफी मिळू लागली, ई.बी.सी.चा तो फॉर्म माझ्या पिढीतल्या असंख्य मुलांनी भरला, मीही भरला. बाप शेतकरी, घर एकत्र, मूल तेरा-चौदा वर्षांचे. त्या फॉर्ममध्ये बापाचे उत्पन्न विचारणे अगदी योग्य होते, कारण त्या मुलाजवळ त्यावाचून दुसरे काहीच नव्हते. पुढे योजना वाढल्या, रकमा वाढल्या, अभ्यासक्रम दहा-दहा वर्षांचे झाले, अर्ज संगणकावर गेला. परंतु शाळकरी पोरासाठी शिवलेला तो सदरा तसाच राहिला, आणि आज तो आपण डॉक्टरांच्या अंगात घालू पाहत आहोत. ज्यांच्या नावाचे रुग्णालय पिंपरीत आहे, त्या यशवंतरावांनी केलेल्या कामाचा मान राखायचा तर तो सदरा नव्याने बेतला पाहिजे.

माझ्या शेजाऱ्याने त्या वर्षीचे शुल्क भरले. कामगारांच्या पतपेढीतून कर्ज काढले, बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या, औशाला भावाच्या वाट्याची म्हणून ठेवलेली दोन एकर कोरडवाहू जमीन विकण्याचे बोलणे झाले होते, ते तूर्त थांबले आहे. मुलगी शिकते आहे. सुटीत आली, की माझा रक्तदाब मोजते आणि मीठ कमी करा म्हणून सांगते.

गेल्या मार्चमध्ये मी त्यांच्याकडे गेलो होतो. स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय टांगलेले होते. दुधाचा हिशेब नेहमीप्रमाणे तारखांच्या चौकटींत होता, आणि महिन्याच्या शेवटच्या चौकटीत निळ्या शाईने त्या महिन्याचा एकूण पगार व त्याखाली एप्रिलपासूनची चालू बेरीज लिहिलेली होती. जानेवारीपासून त्याने रविवारचा ओव्हरटाइम घेणे बंद केले होते. सुपरवायझरने दोनदा विचारले, त्याने पाठ दुखते असे सांगितले. मार्चच्या चौकटीत बेरीज होती सात लाख एक्याण्णव हजार चारशे. तिच्याखाली त्याने दोन रेघा ओढल्या होत्या, आणि एकतीस तारखेपर्यंतच्या उरलेल्या दोन्ही रविवारांवर फुल्या मारलेल्या होत्या.